आल्बिनाचं पाचगणी

जूचंद्रच्या त्या बिल्डिंगमध्ये आल्बिनाला सगळ्या बायका नशीबवान म्हणत. ती वर्षातून दोनदा पाचगणीला जाई, मे महिन्यात आणि नाताळ झाल्यावर. मुलगा हिलरी तिथे हॉटेलात मॅनेजर आहे, असं तिनेच सांगितलं होतं.

हिलरी तिथल्या मतिमंदांच्या आश्रमात होता. थोरल्या मुलीचं, एलिसाचं, लग्न जमत नव्हतं. पाहुणे येत, अंगणात टाळ्या वाजवणाऱ्या हिलरीला पाहत आणि पुन्हा निरोप पाठवत नसत. शेवटी नवऱ्याने, प्लासिडने, त्याला तिथे ठेवलं आणि गावातलं घर सोडून इकडे फ्लॅट घेतला. इथे हिलरीला कोणी पाहिलेलं नव्हतं. एलिसाचं लग्न झालं, पुढे प्लासिड वारला. हॉटेल मात्र चालूच राहिलं.

पाचगणीतला एकही पॉइंट आल्बिनाने पाहिला नव्हता. स्टँडवरून ती थेट आश्रमात जाई. आगाशीच्या बाजारातून आणलेली सुकेळी, उन्हात सुकवलेली केळी, पिशवीतून काढी. त्यांवर गुंडाळलेलं केळीचं वाळलं पान सोडवायचं काम हिलरीचं. हिवाळ्यात त्याचे ओठ फुटत, त्यांना ती खोबरेल लावी.

यंदा मे महिन्यात चर्चच्या बायकांनी सहल पाचगणीलाच काढली. शेजारच्या बेटीने जाहीर केलं, चहा हिलरीच्या हॉटेलात. त्याची गोव्याला बदली झाली, असं आल्बिनाने सांगून टाकलं. तरी ती गेली. ती गेली नसती तर बायका तिच्यामागे तिथे चौकशी करत फिरल्या असत्या.

बाजारात बायका चपला बघत होत्या. आश्रमातल्यांना शनिवारी फिरायला आणतात, हे आल्बिनाला माहीत नव्हतं; ती नेहमी मधल्या वारी यायची. निळ्या शर्टांची रांग हात धरून आली. त्यातून तीस वर्षांचा हिलरी धावत सुटला आणि तिच्या दंडाला बिलगला.

"आय," तो म्हणाला. "आय, सुकेळी."

बेटी हसली. "घे गं, आयता मुलगा मिळाला. एक गोव्याला, एक इथे."

सोबतचा माणूस नवा होता, तो आल्बिनाला ओळखत नव्हता. तिने हिलरीची बोटं एकेक करून सोडवली.

"बाळा, मी आय नाही. मी मावशी. काय?"

"मावशी."

"शहाणा."

बायकांनी त्याला मक्याचं कणीस घेऊन दिलं. बसमध्ये त्या बराच वेळ त्याच्याबद्दल हळहळत होत्या. अशा मुलांना टाकून आईबाप सुखाने जेवतात कसे, असं बेटी म्हणाली. आल्बिना हो म्हणाली.

नाताळानंतर ती एकटी गेली. धुकं दुपारपर्यंत उठलं नव्हतं. हिलरीला आणून बाकावर बसवलं. ओठांवर रक्त सुकलं होतं. त्याने सुकेळीचं पान नीट सोडवलं. ती तेलाची बाटली उघडत म्हणाली, "हिलरी, कोण आलंय?"

"मावशी."

"नाही रे. मी आय."

त्याने मान हलवली. "आय नाही. मावशी."

आणि ती शहाणा म्हणेल म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिला.