महामहिम प्लंबर आणि एर्सिलियाचा अर्ज

मोन्तेजार्दीनोची एर्सिलिया झोन्झिनी दर गुरुवारी लांबच्या प्रवासाला निघायची. डब्यात पियादिनाच्या पोळ्या, पिशवीत जादा स्वेटर, घराची किल्ली शेजारणीकडे, असा सगळा जामानिमा करून ती दारासमोरच्या थांब्यावर बसमध्ये चढायची. वर राजधानीत गाडी बदलली की त्या चिमुकल्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, किएझानुओवाला, थोरली बहीण नेल्ला राहायची. एकूण तासभराचं काम, त्यातला निम्मा वेळ दुसऱ्या बसची वाट बघण्यात जायचा. पण शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेली ही बाई परतल्यावर दोन दिवस गावभर आपल्या थकव्याचं कौतुक सांगत फिरायची.

जूनमध्ये तो थांबा हलला. बस उभी राहिली की समोरच्या तार्चिझिओ बोल्लिनी प्लंबरच्या दुकानाचं फाटक अडायचं. त्याने खटपट करून थांबा तीनशे पावलं उताराखाली नेला. एर्सिलियाचा उजवा गुडघा उतार कसाबसा उतरायचा, पण परतीचा चढ म्हटलं की हात वर करायचा. तिने तार्चिझिओला भर रस्त्यात असं झापलं की गिऱ्हाईकं नळ तसाच गळता ठेवून ऐकायला बाहेर आली. तेव्हापासून दोघांत अबोला होता, आणि अख्खा उन्हाळा एर्सिलिया बहिणीकडे जाऊ शकली नव्हती.

"जिवंत आहेस ना?" नेल्ला फोनवर विचारायची. "मग ये की."

"गुडघा गं."

"गुडघा घरी ठेव आणि ये."

एर्सिलियाने शेवटी अर्ज लिहायला घेतला. दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरात, नवे दोन राष्ट्रप्रमुख गादीवर बसले की पहिल्या रविवारी कोणीही जाऊन आपलं गाऱ्हाणं थेट त्यांच्या हातात द्यावं, ही तिकडची जुनी रीत. अर्ज चार पानांचा झाला. अर्धं पान बसबद्दल होतं आणि बाकीचं सगळं तार्चिझिओबद्दल.

सप्टेंबरात टपालवाली लोरेत्ता ओरडतच दारात आली. "ऐकलंस का? सभेने निवडलेल्या नव्या दोघांत एक आपला तार्चिझिओ!"

"कुठला तार्चिझिओ?"

"तुझाच. समोरचा."

एर्सिलियाने दारातूनच समोरच्या दुकानाकडे बघितलं. देश एवढासा, त्यात दर सहा महिन्यांना दोन राष्ट्रप्रमुख लागणार. कधी ना कधी शेजारी डोक्यावर बसणार हे तिला कळायला हवं होतं.

"म्हणजे त्याची तक्रार त्यालाच द्यायची?"

"द्यायची. आणि वर महामहिम म्हणायचं."

"जीभ झडेल माझी."

"झडू दे. गावाला तेवढीच शांतता."

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी लोरेत्तानेच तिला गाडीतून राजधानीत सोडलं. सरकारवाड्याच्या दिवाणखान्यात रांग लागली होती. भिंतीकडेच्या बाकावर एक म्हातारी हॅट सावरत बसलेली दिसली आणि एर्सिलिया जागच्या जागी थबकली. अकरा वर्षांत आपल्या गावाची वेस न ओलांडलेली नेल्ला!

"तू इथे काय करतेस?"

"अर्ज द्यायला आलेय. भाजीवाल्याच्या गाडीतून, बटाट्यांच्या पोत्यावर बसून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू सांगितलंस?"

एर्सिलियाने तिच्या हातातला कागद ओढून घेतला. चारच ओळी होत्या. "माझ्या बहिणीच्या दारातला थांबा परत द्या. ती गुरुवारी यायची म्हणून मी बुधवारी शेवयांचं पीठ मळायचे. आता कोणी येत नाही, म्हणून पाव खाते. मी ब्याऐंशी वर्षांची आहे."

चारशे पोरांना एका हाकेत गप्प बसवणाऱ्या बाईचे डोळे भरून आले. आपण चार पानं भांडणात घालवली, याची तिला मनापासून लाज वाटली. तिने आपला अर्ज घडी करून पिशवीत कोंबला आणि नंबर आल्यावर नेल्लाला दंडाला धरून पुढे नेलं.

तार्चिझिओ राष्ट्रप्रमुखाच्या काळ्या मखमली पोशाखात, गळ्याशी लेस लावून घामाघूम उभा होता. एर्सिलियाला बघताच तो अर्धं पाऊल मागे सरला.

"महामहिम," एर्सिलिया म्हणाली, "हा अर्ज माझ्या बहिणीचा."

कागद घ्यायचा आणि चिटणिसाकडे द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण तार्चिझिओने तो वाचला. पुन्हा एकदा वाचला. शेजारचे दुसरे महामहिम खाकरले.

"हे सभेपुढे जाईल, महिने लागतील," तार्चिझिओ मोठ्याने म्हणाला. मग आवाज खाली आणून, "एर्सिलिया, तिकडे कोणी तुझी अशी वाट बघतं हे मला कुठे माहीत होतं?"

"कधी विचारलंस?"

"शिव्या देताना तू श्वास तरी घेतलास का? हे बघ, थांब्याचं ठरेपर्यंत माझी बायको तुला गुरुवारी सोडेल, परतही आणेल."

"तुझी बायको वळणावर फार जोरात हाणते, महामहिम."

"माहीत आहे. मी डोळे मिटून बसतो."

मागची रांग चुळबुळायला लागली. नेल्लाला मात्र घाई नव्हती. तिने महामहिमांची बाही दोन बोटांत धरून मखमल तपासली, मग बहिणीकडे वळली.

"गुरुवारी लवकर ये गं," ती म्हणाली. "मी सकाळपासून खिडकीतच बसते. मला दुसरं काहीच नसतं."