खंडेनवमीचं पातं

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं नवराबायको दाराच्या बिजागरीला तेल घालत होतो. ती दार धरून उभी होती. "तुमच्या फॅक्टरीचा वास," म्हणाली, आणि मला ती खंडेनवमी आठवली.

गुंडाळीचा पत्रा सरळ करून आपोआप कापणारं मशीन आमच्या हुबळीच्या कारखान्यात नवीन आलं होतं. पात्याजवळ एक डोळा. समोर काही आलं की पातं खाली. पत्रा काय, हात काय, त्याला सारखंच. पूजेला बायकामाणसं आलेली. मशीन बंद आहे असं सगळ्यांना वाटलं. ही कुंकवाचं बोट घेऊन वाकली, आणि मला मशीन चालू असल्याचा हिरवा दिवा पेटलेला दिसला.

"हात मागं घे."

"सुम्निर्री," तिनं कानडीत मला गप्प केलं. "पूजेत मधे बोलू नये."

पळालो असतो तर दचकून तिचा हात पुढं गेला असता. लाल बटणाकडं मी चालत गेलो, नजर तिच्या बोटावर. बटण दाबलं, दिवा विझला, मग तिनं पात्याला कुंकू लावलं. "आता बोला," म्हणाली.

हे तिला त्या शेवटच्या संध्याकाळी, बिजागरीपाशी, पहिल्यांदा सांगितलं. "हात गेला असता तर भाकऱ्या कुणी थापल्या असत्या, तुम्ही?" म्हणाली.

तेव्हापासून मला वाटायचं, हिला काही होणार असलं तर मला आधी दिसेल. त्याच रात्री ती माझ्या शेजारीच, झोपेतच गेली. काही दिसलं नाही.

सकाळी शेजारच्या बायका तिला हिरव्या बांगड्या भरायला बसल्या. हात आखडला होता, चढेनात. "अण्णा, हे आमचं काम," म्हणाल्या. मी उठलो नाही. तिचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी मीच चढवली.