काकाही तोच, मामाही तोच

"अहो, पण वडिलांनीच दिली ना मुलगी? मग पळवली कसं म्हणायचं?" काकू पुतळ्याकडे बघत काकांच्या कानात पुटपुटली.

संगमरवरातल्या हेडीजनं, म्हणजे ग्रीकांच्या पाताळातल्या, मेलेल्यांच्या राजानं, पर्सेफनीला कमरेला धरून उचललं होतं. त्याची बोटं तिच्या मांडीत रुतली होती. ती तोंड फिरवून ओरडत होती.

मी सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर लंडनजवळ वॉटफर्डला आले होते आणि हॅरोला काकांकडे राहत होते. त्या शनिवारी सकाळी आम्ही पॅडिंग्टनहून कार्डिफची गाडी पकडली. सेव्हर्न नदीखालचा लांब बोगदा संपला की वेल्स लागतं. पाट्या दोन भाषांत दिसू लागतात आणि त्यातली पहिली वाचताच येत नाही. स्टेशनवर काकांचे डॉक्टर मित्र मोटार घेऊन आले होते, सोबत त्यांचा मुलगा. सुट्टी आहे म्हणून आला असेल, असं मला वाटलं. तिथून आम्ही थेट गावाबाहेरच्या या जुन्या हवेलीत आलो.

गाइड बाईंनी सांगितलं की हेडीज पर्सेफनीचा अंकल. माझी चुलतबहीण तन्वी हॅरोतच जन्मलेली. तिनं मला कोपरानं ढोसलं. "ताई, अंकल म्हणजे काका का मामा? माझी कन्फ्यूजन होतो."

मी नाती जुळवून पाहिली. वडील झ्यूस, आई डिमिटर. ती दोघंही सख्खी भावंडं आणि हेडीज दोघांचाही भाऊ.

"दोन्ही," मी म्हणाले.

"वा! म्हणजे काकाचा आणि मामाचा मिळून आहेर एकच!" डॉक्टर म्हणाले. सगळे खो खो हसले.

मला हसू येईना. झ्यूस आणि हेडीज या दोघा भावांनी परस्पर लग्न ठरवलं, आईला कळवलंसुद्धा नाही. ती धान्याची देवी. लेकीला शोधत वणवण फिरली, शेतं ओस पडली. आणि आमच्या मंडळींना आहेर सुचत होता.

मग आम्ही हवेलीतल्याच कॅफेत चहाला बसलो. वेल्श केक (तव्यावर भाजलेल्या, बेदाणे घातलेल्या जाड गोड चकत्या) गरम होते. मी ट्रे घेऊन येत असताना माझ्याकडे पाठ असलेले काका डॉक्टरांना सांगत होते, "दादा हो म्हणालाय. मुलगी दिली असंच समजा. वहिनींना मागाहून सांगू." ट्रे कलला, चहा केकांवर सांडला.

"सावकाश गं," काकू म्हणाली. डॉक्टरांचा मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला.

परतीच्या गाडीत काकांनी विचारलं, "मग? मुलगा कसा वाटला?"

मी बोलले नाही.

"लाजतेय," काकू कौतुकानं म्हणाली.

मी लाजत नव्हते. मी गप्प बसले की लोक त्याला लाजणं म्हणतात, आणि सोयीचं पडतं म्हणून मीही आजवर ते चालू दिलं होतं. ही माणसं शिकलेली होती, माझ्यावर माया करणारी होती. त्यामुळे तर संताप जास्तच आला. रेडिंग गेलं, लंडनचे दिवे जवळ आले, तशी मी काकांचा मोबाइल मागून घेतला आणि पुण्याला घरी लावला. बाबांनीच उचलला आणि माझा आवाज लगेच ओळखला.

"काय गं, कसं वाटलं कार्डिफ?"

समोर काका-काकू कान देऊन बसले होते. मी अख्ख्या डब्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "बाबा, आईला फोन द्या. तिला न विचारता तुम्ही माझं लग्न ठरवायचं नाही. आणि मला न विचारता तिनंही नाही."