बारावं घर

घड्याळजींचा राग गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. दुरुस्तीला आलेलं घड्याळ आधी दुसऱ्या कुणी उघडलेलं असलं, तर झाकणावरच्या ओरखड्यावरून त्यांना ते लगेच कळे, आणि मग गिऱ्हाइकाची खैर नसे. बायको म्हणायची, यांच्या नाकावर राग नाही, रागावरच नाक बसवलंय.

दुकान बंद झालं की ते दुसरं यंत्र पुढ्यात घेत. त्यावर एका ओळीत सोळा बटणं आणि प्रत्येकाखाली एक तांबडा दिवा. एक बटण म्हणजे एक घर. घरात सूर भरला की तिथला दिवा लागे, आणि सोळा घरं वाजून झाली की यंत्र पुढच्या ओळीसाठी पुन्हा पहिल्यावर येई. मुलगी गायची आणि मागची साथ हे यंत्र करायचं. तिच्या प्रत्येक गाण्याची, ओळीओळीची घरं घड्याळजींनी स्वतः भरली होती, चिमट्याने काटा बसवावा तशी.

मुलीला लहानपणी दमा होता. तिच्या सगळ्यात आवडत्या गाण्यात कडव्याच्या शेवटी एक लांबलचक ओळ होती, तिथे तिला धाप लागायची. म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी त्या ओळीचं बारावं घर रिकामं केलं आणि तेराव्यातला सूर केसभर उशिरा ठेवला. तेवढ्यात ती श्वास घेई. ऐकणाऱ्याला वाटे, चालच तशी आहे. बापलेकीत यावर कधी एक शब्दही झाला नव्हता.

त्या दिवशी चार वाजता सभागृहाचे व्यवस्थापक तीन गायिकांना ऐकणार होते आणि दर शनिवारच्या कार्यक्रमासाठी त्यातली एक निवडणार होते. मुलीला महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं. जावयाने दुपारीच यंत्र नेऊन मागच्या खोलीत मांडून ठेवलं. घड्याळजी तीनला पोचले, त्यांनी ते गाणं लावलं, आणि त्या ओळीला बारावा दिवा लागला. तेरावा सूरही मुकाट्याने रांगेत आला होता.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षांचं काम कुणीतरी ओरखडून ठेवलं होतं, आणि ते कोणी हे विचारायचीही गरज नव्हती. पण जावयावर आवाज चढवायचा कसा? मग लेकी बोले सुने लागे. त्यांनी वायरीला विचारलं की, तुला मध्येमध्ये करायला कोणी सांगितलं होतं. खुर्चीला ऐकवलं की, अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणाऱ्यांनी दुसऱ्याच्या कामात हात घालू नये. टेबलाची तर सात पिढ्यांची अक्कल काढली.

जावई शेवटी म्हणाला, "बाबा, टेबलाला कशाला, मलाच बोला. सूर मी भरला. पण अजून सेव्ह केलेला नाही. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलंत की जुनं परत येईल."

"मग भरलात कशाला, जावईबापू? तिचा श्वास काय तुम्ही घेणार?"

"मीच सांगितलं त्याला," मुलगी दारातून म्हणाली. "त्या रिकाम्या घरापाशी आले की मला वाटतं, तुम्ही माझी धाप ऐकताय. छातीत श्वास असला तरी मी थांबते. सहा वर्षं थांबतेय."

घड्याळजींचा राग जावयावरून उठला, पण मुलीवरही बसेना. "मग सांगायला तोंड नव्हतं?"

"तुमच्याशी बोलायचं तर आधी खुर्ची व्हावं लागतं."

जावयाला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात ढकललं.

यंत्राचा बंद-चालूचा खटका मागच्या बाजूला होता. घड्याळजींचा हात तिथवर गेला आणि तसाच परत आला. पडू दे तोंडघशी, ते मनात म्हणाले. सगळ्यांना फार कळतं ना, पडू दे.

तिची पाळी आली तशी ती मंचावर गेली; मागच्या खोलीच्या उघड्या दारातून यंत्रापाशी बसलेल्या घड्याळजींना तिची पाठ दिसत होती. गाणं सुरू झालं. कडवं संपत आलं तसं त्यांचं बोट आपोआप बाराव्या बटणावर जाऊन थांबलं. एकदा दाबलं की सूर नाहीसा होणार होता. ते तिच्या खांद्यांकडे बघत राहिले. दहावं गेलं, अकरावं गेलं, बोटाखालचा दिवा लागून विझला आणि ओळ अख्खी पार झाली. तिने श्वास कधी घेतला, हेच त्यांना कळलं नाही. दुसऱ्या कडव्याला त्यांनी कान टवकारले, तरी सापडलं नाही. ज्याच्यासाठी सहा वर्षं खिडकी उघडी ठेवली, तो केव्हाच दारातून ये-जा करत होता. त्यांचे कान लाल झाले.

तिघींचं ऐकून झाल्यावर सभागृहाचे व्यवस्थापक मागे आले आणि शनिवारी सहाला हजर राहा, असं मुलीला सांगून गेले. तिने बापाकडे पाहिलं. बाप यंत्राच्या आवाजाच्या वायरी उपसत होता.

जावई हळूच म्हणाला, "बाबा, बंद करण्याआधी सेव्ह..."

"कळतं मला."

जुनं पुसायचं का, असं यंत्राने विचारलं. घड्याळजींनी होकाराचं बटण एवढ्या जोरात दाबलं की ते आतच रुतून बसलं, आणि जावयाला नखाने उचकटून वर काढावं लागलं.