रिकाम्या सीटचे वैरी

अख्ख्या आंदर मावळात वाहनांच्या धुराचा खरा वैरी एकच, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. मी वराळ्याच्या कारखान्यात वाहतुकीच्या कार्बनचे अहवाल तयार करतो. पण मामांपुढे त्या विषयावर तोंड उघडत नाही. त्यांचं शास्त्र सुटसुटीत आहे. "पावनं, धूर समद्यांनी वाटून घ्यायचा. एकल्यानं गिळायचा न्हाई." त्यांच्या लहानपणी गाव पायी चालायचं. मग बैलगाडी आली, मग एसटी, मग जीपला लोंबकळणारी माणसं. आता घरटी मोटरसायकल आहे आणि रिकामी सीट दिसली की मामांना ताटात टाकलेली भाकरी दिसते. मी नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन मोठ्या तोऱ्यात गेलो. "मामा, धूर नाही हिला!" मामा आत डोकावले. "ते ऱ्हाऊ द्या. मागं कोन बसलंय?" तुंगार्लीला आमच्या घरी परतताना माझ्या मागे दोन मावश्या, इंद्रायणी तांदळाचं पोतं आणि पाय बांधलेली कोंबडी होती. त्यातल्या एका मावशीला कुठंच जायचं नव्हतं. मामांचा आग्रह मोडवेना म्हणून बसली बिचारी.

प्रवासी नसतील तर गावची मुक्कामी एसटी बंद होणार, हे कळल्यापासून मामांची झोप उडाली. एसटी गेली की गाडी नसलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा दवाखानाही तुटला. म्हणून मामा रोज सकाळी तिनं वडगावला जातात आणि संध्याकाळी तिनंच परततात. कधी लिंबू आणायला, कधी काल आणलेलं लिंबू बदलायला. लागोपाठ दुसऱ्या दिवशी मामा खुर्चीत येऊन बसलेले पाहून तिथला न्हावी म्हणाला, "आबा, आता कापू काय?"

गेल्या महिन्यात मामांचा पाय मोडला. प्लास्टर झाल्यावर मी गाडी घेऊन त्यांना वडगावहून आणायला गेलो, तर हे स्टँडच्या बाकावर. "तुमच्या गाडीत बसलो तर यष्टी मोकळी जाईल." मी चिडलो, विनवण्या केल्या, शेवटी गाडी तिथंच लावून त्यांच्याबरोबर चढलो. बसमध्ये आम्ही दोघंच. कंडक्टर शेजारी येऊन म्हणाला, "आबा, बरं वाटंस्तवर घरीच ऱ्हावा की."

"आन् मग तू कुनाला घिऊन येशील?"

मी मामांचा पाय मांडीवर घेऊन बसलो होतो. प्रत्येक थांब्यावर मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होते, "चला, बसायला जागा हाय!" रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर बस उभी करत होता.