तीन अर्धी वाक्यं

आमच्या शिलाईच्या कारखान्यात तिला सगळे खडूबाई म्हणतात. तयार शर्ट शेवटी तिच्या टेबलावर जातात. ती शिवण ओढून बघते, बाही उलटी करते आणि चूक दिसली की तिथं पांढऱ्या खडूनं फुली मारते. फुली पडली की उसवायचंच, वशिला चालत नाही. माझ्या कॉलरींवर तिनं इतक्या फुल्या मारल्यात की पहिलं वर्षभर मी तिला मनातल्या मनात शिव्याच घातल्या. नंतर गट्टी जमली.

जन्मापासून तिचा डावा पाय ओढतो आणि जीभ जड आहे. एक वाक्य पुरं करायला तिला माझ्या चार वाक्यांएवढा वेळ लागतो. लागू दे की! कुणाची गाडी सुटतेय? पण तिच्या थोरल्या भावाला तेवढा धीर नाही. तिनं दोन शब्द काढले की पुढचं वाक्य दादाच पुरं करणार. डॉक्टरकडे, दुकानात, पाहुण्यांत, सगळीकडे. आणि तेही चुकीचं! बेचाळीस वर्षं हा माणूस तिच्या तोंडचे शब्द पळवतोय.

आई गेली आणि दादानं डाव टाकला. बहिणीला काही कळत नाही, मला तिचा कायदेशीर पालक नेमा, असा अर्ज त्यानं कचेरीत दिला. तो मंजूर झाला असता तर तिनं कुठं राहायचं, नोकरी करायची की नाही, सगळं तोच ठरवणार. ठरवलंही होतं. गावाबाहेरच्या एका संस्थेत तिच्यासाठी खाट सांगून ठेवली होती आणि घरातल्या तिच्या खोलीत स्वतःच्या लेकाचं बस्तान बसवायचं होतं. तिला हे कधी कळलं? सुनावणीची नोटीस हातात पडल्यावर.

मी तर पेटलेच. म्हटलं, "चल, त्याच्या दारात जाऊन तमाशाच करू."

"नको," ती म्हणाली. "त्याला... बोलू दे. खूप... बोलू दे."

जेवणाच्या सुट्टीत तिनं एका कागदावर तीन वाक्यं लिहिली आणि पाकीट चिकटवून टाकलं. लिहिताना ती हसत होती. ते हसू बघून माझ्याच अंगावर काटा आला.

सुनावणीला सोबत म्हणून मी गेले. अधिकारी बाई चष्मा लावलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. खडूबाईनं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. "माझं... झालं की... उघडा."

बाई दादाला म्हणाल्या, "आता त्या बोलतील. मध्ये बोलायचं नाही."

"छे छे, बोलू दे की!" दादा म्हणाला.

"मी... सकाळी..."

"सकाळी उठवावं लागतं हो तिला! सगळं हातात द्यावं लागतं."

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. खडूबाईनं पुढचं वाक्य काढलं.

"मला... भीती..."

"एकटीला राहायची भीती वाटते तिला. लहान मुलासारखं आहे तिचं."

"अहो, काय सांगितलं मी तुम्हाला?" बाई कडाडल्या.

"सॉरी मॅडम. सवय झालीय."

"दादाशिवाय... माझं..."

मी मनात म्हटलं, बोल बाबा, बोल. आणि मेला बोललाच! "दादाशिवाय माझं पान हलत नाही, असं म्हणतेय ती."

"झालं... माझं," खडूबाई म्हणाली.

बाईंनी पाकीट फोडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. "मोठ्यानं वाचू?"

"तुम्ही... नको. दादा... वाचेल. माझ्या वतीनं... बोलायची... हौस आहे... त्याला."

या वाक्याला तिनं भरपूर वेळ घेतला. या खेपेला मध्ये तोंड घालायची कुणाची छाती झाली नाही.

दादानं कागद घेतला. "मी सकाळी पाचला उठून दादाच्या घरातल्या सगळ्यांचे डबे भरते आणि मग कामावर जाते."

"पुढे," बाई म्हणाल्या.

"मला भीती वाटते ती दादाची. सुट्टीच्या दिवशी तो माझ्या खोलीला बाहेरून कडी घालतो."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. खरं सांगते, मला कणभरही कीव आली नाही. तिसरं वाक्य तो तोंडातल्या तोंडात पुटपुटला.

"ऐकू... नाही आलं," खडूबाई म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं.

"अजून... मोठ्यानं."

"दादाशिवाय माझं उत्तम चालेल!" तो जवळजवळ ओरडलाच. बाहेर बाकावर बसलेली माणसं वाकून आत बघायला लागली.

बाईंनी अर्ज तिथल्या तिथे फेटाळला. मग त्यांनी तिला विचारलं, "त्या कडीबद्दल तक्रार नोंदवायची आहे का?"

दादानं हात जोडले. "अगं, मी सख्खा भाऊ ना तुझा? घरातली गोष्ट घरात मिटवू."

मला धाकधूक वाटली, ही विरघळते की काय! तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, एखादा शर्टच समोर असावा तसं.

"नोंदवायची... आहे. सगळं... सांगते. लहानपणा... पासून. वेळ... लागेल."

बाईंनी कोरे कागद पुढे ओढले आणि दादाला समोरच्या खुर्चीवर बसवलं. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि कचेरी पाचला बंद होते.