हात लावू नये

शिलाई मशीनखाली चिंध्या कोणी जमवत नाही, जमतात. वरच्या मजल्यावरचे हे किस्से तसेच माझ्याकडे साठले. सरस्वतीपुरमचं हे घर मी कपडे शिवून बांधलं. वर माझा मुलगा राघव आणि त्याचा जोडीदार महेश शेतपंप आपोआप चालू-बंद करणारे बोर्ड बनवतात. हे बुडालं तर राघव बंगळूरला नोकरी धरणार. मग वर कुलूप, खाली मी.

*

"मॅक्रो म्हणजे काय रे?"

"तुमचा फर्मा, अप्पा. चिपच्या भाषेतल्या, म्हणजे असेंब्लीतल्या ओळी एकदाच लिहून त्यांना नाव द्यायचं. मग सी नावाच्या भाषेत नुसतं नाव लिहिलं की त्या ओळी तिथं हजर."

"आणि फर्माच चुकला तर?"

"सगळे शर्ट चुकले."

तो हसला. मी हसलो नाही.

*

महेशने एक असेंब्लीची ओळ घातली. तिचं काम एवढंच, क्षणभर थांबायचं. भाषांतर करणाऱ्या कंपायलरला ती बिनकामाची वाटली. त्याने गाळून टाकली.

"न विचारता काढली, नोडी, बघा ना अंकल," महेश कुरकुरला.

"नुसतं बसणाऱ्याला मीही दुकानात ठेवत नव्हतो."

*

जुनी चिप बाजारातून गेली. नवीला त्या ओळी कळेनात. सगळ्या पुन्हा लिहायच्या.

"एवढी वर्षं चालत होतं ना?"

"तिची भाषा वेगळी आहे, अप्पा."

नात शेजारी बसली होती. मी तिच्याकडे मराठीत पाणी मागितलं. ती कन्नडमध्ये म्हणाली, "एनु, अज्जा?" काय, आजोबा?

*

बन्नूरचे बसवराज ऊस लावतात. पहिले सगळे बोर्ड त्यांनीच घेतले. एक दिवस फोन आला. "पंप चालू होतो, बंद होत नाही. उसात मासे सोडू का, राघव?"

चूक मॅक्रोत सापडली. महेशने तिथं इतरांसाठी एक शेरा लिहून ठेवला होता. मॅक्रोच्या सगळ्या ओळी जोडून कंपायलर एकच लांब ओळ वाचतो. त्यामुळे शेऱ्यानंतरचं सगळं कंपायलरने शेराच समजून सोडून दिलं. पंप बंद करायची ओळ नेमकी त्याखाली होती.

शेरा काढला. टेबलावरचा चाचणीचा पंप निमूट बंद झाला. तोवर बसवराज सगळे बोर्ड पोत्यात भरून दारात उभे.

"आता चूक नाही, सार," राघव म्हणाला. "एका शेऱ्याने घात केला."

"काय लिहिलं होतं?"

महेश भिंतीकडे बघत होता. राघवनेच सांगितलं, "याला कोणी हात लावू नये."

बसवराजांनी पोतं उंबऱ्याच्या आत सरकवलं. "बरोबर लिहिलं होतं की," म्हणाले, आणि बन्नूरची बस गाठायला निघाले.